मुकादमाचे दुखणे : मांजराच्या रक्तात जंतू शिरतात तेव्हा



मला व्याख्यानाचे बोलावणे येते ते बहुधा बोनस, ग्रॅच्युइटी नाहीतर कंत्राटी कामगार यांच्यावर बोलण्यासाठी. यंदा चालकांनी विषय माझ्यावरच सोपवला आणि मी मांजराचे नाव काढले. टेलिफोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, "भाऊ, हे काही रूपक आहे का?" रूपक नाही. चार पायांच्या, मिशा असलेल्या मांजराविषयीच मी बोलणार आहे. मी पशुवैद्य नाही. माझी शाळा नववीत सुटली आणि पुढचे शिक्षण यंत्रावर, वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. आज जे सांगणार आहे ते पशुवैद्यांना प्रश्न विचारून विचारून गोळा केले आहे. विचारायची पाळी का आली, ते आधी सांगतो, कारण त्यात माझा स्वतःचा गुन्हा आहे.

आमच्या युनियनची कचेरी पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्यांत आहे. तिथे काही वर्षांपूर्वी एक राखी रंगाचा बोका आला आणि राहिला. पाळी सुटून येणाऱ्या प्रत्येकाच्या डब्याची तो झडती घेई, म्हणून पोरांनी त्याचे नाव मुकादम ठेवले. एका रात्री छपरावर दुसऱ्या बोक्याशी त्याची जुंपली. दोन दिवसांनी पाहतो तो शेपटीच्या बुडाशी लिंबाएवढी सूज. माझ्या दाढेच्या दुखण्यातल्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या चार गोळ्या कपाटात उरल्या होत्या. माणसाला चालते ते मांजराला का चालू नये, असा विचार करून मी अंदाजाने तुकडे पाडले आणि त्याच्या घशात घातले. निम्मे त्याने थुंकून टाकले. दोन दिवसांत सूज ओसरल्यासारखी दिसली. मी औषध थांबवले आणि चार जणांना आपली हुशारी सांगितली.

नवव्या दिवशी सकाळी मुकादम कपाटामागे सापडला. डोके जमिनीला टेकलेले, कान गार, पंजे गार. मी हात लावून म्हणालो, "अंगात ताप नाही, म्हणजे फार काही नसेल." एक कार्यकर्ता म्हणाला, "भाऊ, अर्धी पॅरासिटॅमॉल द्या, अंगदुखी जाईल." ताप नाही तर तापाची गोळी कशाला, म्हणून मी नको म्हटले. त्या सकाळी माझ्या हातून झालेली ही एकच बरी गोष्ट, आणि तीही अज्ञानातून झालेली.

पशुवैद्य बाईंनी थर्मामीटर लावला. ९७ अंश फॅरनहाइट. निरोगी मांजराचे अंग साधारण साडेशंभर ते साडेएकशेदोन असते, म्हणजे आपल्यापेक्षा गरम. हृदयाचे ठोके त्यांनी मोजले, मिनिटाला एकशेदहा. दवाखान्यात आणलेल्या, भ्यालेल्या मांजराचे ठोके दोनशेच्या आसपास असायला हवेत. हिरड्या पांढुरक्या होत्या, श्वास भराभर चालला होता आणि पोटाला हात लावताच तो कण्हत होता. बाई म्हणाल्या, "हा गार पडलाय, म्हणूनच मला भीती वाटते. जंतू रक्तात गेलेत."

रक्तात जंतू जाणे म्हणजे काय, ते आता पाहू. निरोगी जनावराच्या रक्तात जंतूंची वस्ती नसते. हिरड्या सुजलेल्या असल्या तर चावताना थोडे जंतू रक्तात शिरतात, पण यकृत आणि प्लीहा त्यांना गाळून मारून टाकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. संकट येते ते शरीरात कुठे तरी अड्डा असला आणि तिथून जंतूंची आवक अखंड चालू राहिली म्हणजे. मांजरात हे अड्डे ठरलेले आहेत. चाव्याचे गळू, छातीच्या पोकळीत साठलेला पू, फुटलेल्या आतड्यामुळे पोटात झालेला दाह, मादीच्या गर्भाशयातला पू, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा दाह. लहान पिलांना पॅनल्यूकोपीनिया नावाचा विषाणूचा रोग होतो. त्यात आतड्याचे अस्तर झडते आणि श्वेतपेशीही संपतात, मग आतड्यातलेच जंतू उघड्या दारातून रक्तात येतात. जंतूंत इ. कोलाय, क्लेब्सिएला, साल्मोनेला ही आतड्याकडची मंडळी पुष्कळदा आढळतात. त्यांच्या जोडीला स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस आणि हवेवाचून जगणारे जंतू असतात. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जंतू नेहमीच राहतो. त्याचा सुळा सुईसारखा बारीक असल्यामुळे जखम वरून एखाद्या दिवसात मिटते आणि आत जंतू कोंडले जातात. आमच्या मुकादमाला झालेली सूज ही अशी होती.

एक अपवाद इथेच सांगतो. बार्टोनेला हेन्सेली हा जंतू पिसवांमार्फत मांजराच्या रक्तात शिरतो आणि महिनोन्महिने राहतो, पण बहुतेक मांजरे त्याने आजारी पडत नाहीत. ओरखड्यातून तो माणसाला मात्र त्रास देऊ शकतो. तेव्हा रक्तात जंतू सापडला की लगेच औषध, असा नियम नाही. जनावर आजारी आहे का, हे आधी पाहायचे.

आता त्या गारपणाविषयी. माणसात किंवा कुत्र्यात असे दुखणे सुरू झाले की ताप चढतो आणि नाडी धावू लागते. मांजराचे उलटे होऊ शकते. जंतूंच्या कवचातले विष आणि त्याला शरीराने दिलेले आंधळे प्रत्युत्तर यांमुळे रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळू लागतात. रक्ताचा दाब उतरतो आणि अवयवांना प्राणवायू पुरेसा पोचत नाही. अशा वेळी हृदयाने धावून भरपाई करायची, पण मांजराचे हृदय पुष्कळदा मंदावते आणि अंग गार पडते. शिवाय गार अंगातल्या रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूमही नीट मानीत नाहीत. कुत्र्यात अशा धक्क्याचा मार आधी आतड्यावर बसतो, मांजरात फुफ्फुसावर. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मंडळींनी १९८६ ते १९९८ या काळातल्या अशा २९ मांजरांची टिपणे तपासून २००० साली प्रसिद्ध केली. त्यांत मरगळ, फिक्या हिरड्या, भराभर श्वास, पोटाला हात लावताच वेदना, मंद ठोके, कधी ताप तर कधी उतरलेले तापमान अशीच लक्षणे नोंदलेली आहेत. मी हात लावून "ताप नाही" असे समाधान करून घेतले, ते किती महागात पडणार होते हे यावरून दिसेल.

बाईंनी औषध देण्यापूर्वी एक गोष्ट केली. पायाच्या आणि मानेच्या शिरेवरचे केस कापले, कातडी दोनदा पुसली आणि दोन्ही ठिकाणांहून वेगवेगळे रक्त काढून जंतू वाढवण्याच्या बाटल्यांत घातले. मला घाई झाली होती. मी म्हणालो, "बाई, आधी इंजेक्शन द्या ना." त्या म्हणाल्या, "पाच मिनिटे. एकदा औषध गेले की साक्षीदार फुटतात." हे मला लगेच पटले. कारखान्यात अपघात झाला की यंत्र पुसून काढण्याआधी पंचनामा व्हावा म्हणून आम्ही भांडतो, त्यातलीच ही गोष्ट.

दोन जागांहून रक्त का घ्यायचे, तेही ऐका. कातडीवर राहणारा एखादा जंतू सुईबरोबर बाटलीत पडू शकतो. तो एकाच बाटलीत उगवला तर बहुधा उपटसुंभ, दोन्हींत उगवला तर खरा आरोपी. पण रक्त बेताने काढावे लागते. मोठ्या माणसात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि चार किलोच्या मांजरात अवघे पाव लिटर. माणसाच्या एका बाटलीला आठ-दहा मिलिलिटर रक्त घेतात. मांजराला ते परवडत नाही, म्हणून थोड्या रक्ताची लहान बाटली वापरतात. जनावर अगदीच कोसळले असेल आणि शीर सापडत नसेल, तर मात्र रक्तासाठी औषध अडवून धरीत नाहीत. शिवाय बाटलीत काही उगवले नाही म्हणून रक्तात जंतू नव्हतेच, असेही समजत नाहीत.

औषधाची घाई किती असावी? माणसांच्या बाबतीत, रक्तदाब कोसळलेल्या रुग्णांचा कॅनडा आणि अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या सहा तासांत योग्य औषधाला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबामागे जगण्याचे प्रमाण सरासरी साडेसात टक्क्यांहून थोडे जास्त घटताना दिसले. पशुवैद्यही तोच धडा घेऊन चालतात. बाटलीतला जंतू ओळखू यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर थांबणे शक्य नसते, म्हणून पहिला मारा आरोपीचे नाव कळण्यापूर्वी आणि रुंद असा करतात.

हा मारा तोंडाने करता येत नाही. धक्क्याच्या अवस्थेत शरीर आपले रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे ओढते. आतड्याचा आणि कातडीखालचा पुरवठा आटतो. पोटात गेलेली गोळी तशीच पडून राहते आणि कातडीखाली दिलेली सुईही रेंगाळते. औषध शिरेतूनच द्यावे लागते. बाईंनी मुकादमाला दोन औषधे दिली. पहिले अँपिसिलिन-सलबॅक्टम. यातले अँपिसिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही. काही जंतूंनी पेनिसिलिन कापण्याची कात्री कमावलेली असते आणि सलबॅक्टम त्या कात्रीत अडकून बसते. दुसरे मार्बोफ्लॉक्सासिन. ते आतड्याकडच्या जंतूंच्या गुणसूत्राचा पीळ उलगडू देत नाही. पहिले औषध एका बाजूच्या वस्तीसाठी, दुसरे दुसऱ्या बाजूच्या.

आता पाळ्यांची गोष्ट, कारण ती मला सगळ्यांत आवडली. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधाची रक्तातली पातळी एका मर्यादेच्या वर किती वेळ राहते, यावर त्याचे काम ठरते. एकदाच दुप्पट दिले तर दुप्पट काम होत नाही. मूत्रपिंड ते तासाभरात बाहेर टाकू लागते, पातळी उतरते आणि उरलेले जंतू पुन्हा भिंती बांधायला घेतात. म्हणून अँपिसिलिन दर सहा ते आठ तासांनी द्यावे लागते. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर याला तीन पाळ्या लागतात आणि रात्रपाळी रिकामी ठेवून चालत नाही. अमिकासिनसारख्या औषधाचे गणित निराळे. त्याची पातळी एकदा उंच चढणे महत्त्वाचे, मग ते दिवसातून एकदाच देतात. पण ते मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकते, म्हणून अंगातले पाणी भरून निघाल्याशिवाय ते देत नाहीत. मी दोन दिवस जे तुकडे कोंबले, त्यांना ना माप होते ना वेळ. एक पाळी कामावर आणि दोन पाळ्या टाळेबंदी, असा तो कारभार होता.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे आणि लहान माणूस तर नव्हेच. त्याचे यकृत काही औषधांना साखरेच्या एका आम्लाची जोड देऊन बाहेर काढण्याचे काम फार कमी करते. मांसाहारी कुळाच्या वाटचालीत त्यासाठी लागणारे एक जनुक निकामी झाले आहे. पॅरासिटॅमॉल याच कारणाने मांजराला विष ठरते. त्याच्या रक्तातला लाल रंग प्राणवायू वाहीनासा होतो, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात आणि एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. घरोघरी मांजरे पाळणाऱ्या मंडळींनी एवढे तरी लक्षात ठेवावे, म्हणून थोडे थांबून सांगतो आहे. क्लोरॅम्फेनिकॉल याच कारणाने मांजरात जपून देतात. एन्रोफ्लॉक्सासिन हे कुत्र्यांचे नेहमीचे औषध. मांजराला ते दिवसाला किलोमागे पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त दिले तर डोळ्याच्या पडद्याची नासाडी होऊन ते आंधळे होऊ शकते, हे १९९०नंतरच्या दशकाच्या अखेरीस ध्यानात आले. पुढे कारणही सापडले. औषध डोळ्यातून परत बाहेर ढकलणारा पंप मांजरात अधू असतो. म्हणूनच बाईंनी त्याच कुळातले दुसरे औषध निवडले होते. आणि डॉक्सिसायक्लीन. मांजराच्या तांबड्या पेशींवर बसून पंडुरोग करणारा मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे. त्याला मुळात भिंतच नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्याच्यापुढे व्यर्थ. त्याला डॉक्सिसायक्लीन लागू पडते. पण ही गोळी कोरडी दिली तर मांजराच्या अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम होऊन नळी आकसते. गोळीमागून पिचकारीने चमचाभर पाणी किंवा घासभर अन्न दिलेच पाहिजे.

मुकादमाला औषधाबरोबर सलाईनही लावले, पण थोडे थोडे, दर वेळी ऐकून आणि मोजून. मांजराच्या फुफ्फुसात पाणी भरायला फार वेळ लागत नाही. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून अंगाशी ठेवल्या. दाब जरा सावरल्यावर दुपारी बाईंनी शेपटीच्या बुडाशी चीर दिली. आतून निघालेला पू पाहून आणि त्याचा वास घेऊन माझी मान खाली गेली. मी औषध दिले तेव्हा सूज ओसरली होती, पण अड्डा आत तसाच होता. पुवाने भरलेल्या पोकळीत रक्त पोचत नाही आणि रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही. अड्डा उघडल्याशिवाय शिरेतले सगळ्यांत भारी औषधही अपुरे पडते.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद आला. दोन्ही बाटल्यांत पाश्चुरेला. मी मनातून धरून चाललो होतो की माझ्या अर्धवट गोळ्यांनी एखादा महाबिलंदर जंतू तयार केला असणार. कागदावर निराळेच होते. जंतूची वाढ असलेल्या बशीत निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात आणि कोणत्या चकतीभोवती वाढ थांबली ते मोजतात. ही पद्धत १९६६ साली बॉवर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी बसवून दिली. आमचा जंतू साध्या अँपिसिलिनच्या चकतीपुढेही शरण आला होता. म्हणजे औषधात खोट नव्हती. खोट माझ्या मापात, वेळेत आणि न उघडलेल्या गळवात होती. बाईंनी त्याच दिवशी मार्बोफ्लॉक्सासिन बंद केले. मला वाटले, एवढे बरे वाटते आहे तर दोन्ही चालू राहू द्यावीत. त्या म्हणाल्या, "रुंद औषध नाव कळेपर्यंत. नाव कळल्यावर त्याची गरज नाही." रुंद मारा लांबवला की आतड्यातले निरपराध जंतू मरतात आणि मागे राहतात ते औषधाला न जुमानणारे.

या न जुमानण्याची कथा औषधाइतकीच जुनी आहे. १९४१च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिन दिले गेले. चेहऱ्यापासून सुरू झालेले दुखणे अंगभर पसरून एक डोळा गेला होता. काही दिवसांत तो जेवू लागला, ताप उतरला. पण साऱ्या इंग्लंडात तेवढेच औषध होते. त्याच्या लघवीतून गाळून पुन्हा दिले तरी साठा संपला, दुखणे उलटले आणि मार्चमध्ये तो गेला. त्याच्याजवळ औषध नव्हते, माझ्या कपाटात होते. १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात फ्लेमिंगनेच बजावले होते, की अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते शहाणे होतात. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. पेनिसिलिन गरिबाच्या आवाक्यात यावे म्हणून हजारो हातांनी तिथे पाळ्या केल्या. त्या पट्ट्यात माझी उमेद गेली, म्हणून मला कपाटातल्या त्या चार गोळ्यांची अधिक लाज वाटली.

पुढे काय झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. २००९ साली जगापुढे आलेल्या एका विकराला दिल्लीचेच नाव पडले. तो ज्या जंतूजवळ असतो त्याच्यावर मेरोपेनेमसारखे राखीव औषधही चालत नाही. १ मार्च २०१४पासून अशा कित्येक औषधांच्या विक्रीची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत ठेवायची, असा नियम झाला. एका घरात राहणारी माणसे आणि मांजरे यांच्यात इ. कोलायची देवघेव होत असते, तेव्हा मांजराच्या दवाखान्यातला निष्काळजीपणा मांजरापुरता राहत नाही. चांगले पशुवैद्य मेरोपेनेमला हात लावतात तो कागदावर दुसरे काहीच उरले नसेल तेव्हाच.

"मग औषध किती दिवस?" हा प्रश्न मीही विचारला. आपल्या सर्वांच्या डोक्यात आहे, की जितके जास्त दिवस तितके चांगले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तात जंतू गेलेल्या साडेतीन हजारांहून अधिक माणसांपैकी निम्म्यांना सात दिवस आणि निम्म्यांना चौदा दिवस औषध दिले. सात दिवसवाले कुठेही मागे पडले नाहीत. मात्र ज्यांचा पू काढलेला नाही असे रुग्ण आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे रुग्ण त्यात घेतलेले नव्हते. म्हणजे दिवस कमी करता येतात, पण अड्डा उघडल्यावर आणि तपासणाऱ्याने सांगितल्यावर. मी दोन दिवसांत थांबलो होतो तो सूज डोळ्यांना कमी दिसली म्हणून. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले असतील तर मांजरालाही कित्येक आठवडे औषध लागते. मुकादमाचे तसे नव्हते. चौथ्या दिवशी त्याचे अंग १०१वर स्थिरावले. पाचव्या दिवशी त्याने भाजलेल्या बोंबलाचा तुकडा हातातून ओढून घेतला. तेव्हा शिरेतली सुई काढून तोंडाने औषध सुरू झाले, तेही वजन करून, मोजून, दर बारा तासांनी. ती वेळ पाळण्यासाठी आम्ही कचेरीत फळ्यावर पाळीपत्रक लावले आणि प्रत्येकाने दिलेल्या मात्रेपुढे सही केली. दहाव्या दिवशी बाईंनी रक्तातल्या श्वेतपेशी पुन्हा मोजल्या, जखम पाहिली आणि औषध बंद करायला सांगितले.

मानेवरचे आणि पायावरचे कापलेले केस भरून यायला मात्र दोन महिने लागले.